चरबीतल्या पेशी आणि डोक्यावरचे केस



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, की बायका घरच्या गोष्टींवर येतात. त्यात एक तक्रार हटकून निघते. केस फार गळतात. वेणी उंदराच्या शेपटीएवढी राहिली, भांग रुंद दिसायला लागला, विंचरताना हातात गुंतवळच येते. अलीकडे ही तक्रार निघाली की कुणीतरी मोबाइल पुढे करते. त्यावर शहरातल्या एखाद्या दवाखान्याची जाहिरात असते. पोटावरची थोडी चरबी काढू, तिच्यातल्या ‘स्टेम सेल’ वेगळ्या करू, त्या डोक्यात टोचू, केस परत येतील. सगळं तुमच्याच शरीरातलं, म्हणून धोका नाही, असंही खाली लिहिलेलं असतं.

हे खरं आहे का, असं तुम्ही आम्हाला विचारलंत. एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण उद्या जाहिरात बदलेल, नाव बदलेल, आणि प्रश्न पुन्हा तसाच उभा राहील. म्हणून आज आपण या उपचाराचा इतिहासच समजून घेऊ. चरबीत पेशी आहेत हे कुणी शोधलं, त्यांचा केसांशी संबंध कसा कळला, शास्त्र कुठवर पोचलं आणि बाजार त्याच्या पुढे कसा धावला, हे कळलं की पुढची जाहिरात आपली आपल्याला वाचता येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. केस गळण्याचं दुःख हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ‘केसच तर आहेत’ असं म्हणणं सोपं असतं. पण बाईच्या केसांना आपल्या समाजाने किती अर्थ चिकटवले ते आठवा. नवरा गेला की बाईचे केस उतरवायचे, ही केशवपनाची चाल आपल्याच महाराष्ट्रात होती. केस काढून घेतले की तिचं घरातलं, समाजातलं स्थानच काढून घेतलं जाई. त्याविरुद्ध १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी संप केला. विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यात पुढाकार घेतला होता. ज्या समाजात केसांवरून बाईचं नशीब ठरत होतं, तिथे आजही केस विरळ झालेली बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढते, लग्नाला जायचं टाळते, यात नवल नाही. दुःख खरं आहे. म्हणूनच त्या दुःखाचा बाजार कोण मांडतो, याकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवं.

चरबी आणि केस, जुनी जोडी

चरबीने केस येतात ही आशा काल-परवाची नाही. इजिप्त देशात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेला औषधांचा एक मोठा गुंडाळा सापडला आहे. त्याला एबर्स पपायरस म्हणतात. टकलासाठी त्यात एक नुस्खा आहे. सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबकरा यांची चरबी एकत्र करायची आणि डोक्याला चोळायची.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून अस्वलाच्या चरबीचा बोलबाला झाला. अस्वलाच्या अंगभर दाट केस असतात, तेव्हा त्याची चरबी लावली की आपल्यालाही केस येतील, असा साधा हिशेब. लंडनच्या दुकानांत तिच्या डब्या विकल्या जात. पण एवढी अस्वलं आणायची कुठून? तेव्हा अस्वलाच्या नावाखाली डुकराची चरबी रंग-वास घालून सर्रास खपवली जाई. घेणाऱ्याला फरक कळत नसे. वरच्या नावावर विश्वास ठेवायचा आणि पैसे मोजायचे.

ही गोष्ट मनात असू द्या. डबीवर लिहिलेलं एक आणि आत दुसरंच, हा प्रकार पुढे पुन्हा येणार आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

चरबी डोक्याला चोळण्याऐवजी शरीरात एका जागेवरून दुसरीकडे बसवण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८९३ चा. जर्मनीतले शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी रुग्णाच्या दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोल व्रणात भरली. लहान तुकडे जगतात, मोठे टिकत नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आलं. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, विन्सेंझ चेर्नी या दुसऱ्या जर्मन डॉक्टरांनी एका बाईच्या स्तनातली गाठ काढल्यावर तिथली पोकळी तिच्याच अंगावरच्या चरबीच्या गाठीने भरली.

मग सुंदर दिसण्यासाठी चरबी काढून टाकण्याकडे लोक वळले. त्याची सुरुवात वाईट झाली. पॅरिसमध्ये १९२० च्या दशकात एका नर्तकीच्या पोटऱ्या सडपातळ करण्यासाठी तिची चरबी खरवडून काढली. त्यासाठी वापरलेलं हत्यार होतं गर्भाशय खरवडण्याचं. रक्तवाहिनी दुखावली, पाय सडला आणि शेवटी कापावा लागला. त्या धक्क्याने पुढची कित्येक वर्षं डॉक्टर या वाटेला फारसे गेले नाहीत. १९७० च्या दशकात इटलीतले फिशर पिता-पुत्र आणि फ्रान्सचे इव्ह-जेरार इलूझ यांनी बारीक नळीने चरबी ओढून काढण्याची पद्धत बसवली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या जेफ्री क्लाइन यांनी त्यात सुधारणा केली. बधिर करण्याचं औषध भरपूर पाण्यात मिसळून चरबीत भरायचं, म्हणजे पूर्ण भूल न देता काम होतं आणि रक्तही कमी जातं.

यालाच लायपोसक्शन म्हणतात. जगभर लाखो लोकांच्या, त्यातही जास्त करून बायकांच्या अंगावरची चरबी अशी काढली गेली. काढलेली चरबी दवाखान्याच्या कचऱ्यात जाई. तिच्यात काही कामाचं असेल असं फार थोड्यांना वाटत होतं.

तूप आणि बेरी

तिच्यात काय आहे हे पाहण्याची रीत मात्र आधीच सापडली होती. १९६४ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ मार्टिन रॉडबेल उंदरांच्या चरबीवर काम करत होते. चरबीचा गोळा एकसंध असतो, त्यातल्या पेशी सुट्या कशा करायच्या? त्यांनी पेशींना बांधून ठेवणारे धागे विरघळवणारं एक विकर वापरलं आणि ते मिश्रण यंत्रात गरगर फिरवलं. चरबीने भरलेल्या पेशी हलक्या, त्या वर तरंगल्या. जड पेशी तळाला बसल्या.

आपण लोणी कढवतो तेव्हा तूप वर येतं आणि बेरी तळाशी राहते, तसंच हे. रॉडबेल यांना तूप हवं होतं. शरीरातले संदेश पेशीपर्यंत कसे पोचतात हे त्यांना शोधायचं होतं, आणि त्या कामासाठी १९९४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं. बेरीचं महत्त्व जगाला नीट कळायला मात्र आणखी जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

इथे ‘स्टेम सेल’ म्हणजे काय ते पाहू. मराठीत त्यांना मूळ पेशी म्हणतात. शरीरातल्या बहुतेक पेशींचं काम ठरलेलं असतं. हाडाची पेशी हाडाचं काम करते, कातडीची कातडीचं. मूळ पेशी अजून कामाला न लागलेल्या. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करू शकतात आणि गरज पडेल तसं वेगळं रूपही घेऊ शकतात.

अशा पेशींचा उपचार खरोखर होतो, हे आपण विसरू नये. हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. अमेरिकेतले डॉक्टर डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये त्या माणसाला देऊन पाहिल्या. पहिल्या प्रयत्नांत यश आलं नाही. त्यांनी आणि इतरांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळालं. आपल्या देशात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉक्टर सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी केलं. आज त्यामुळे रक्ताच्या कर्करोगाचे, थॅलेसेमियाचे कितीतरी रुग्ण वाचतात. पण पहिल्या प्रयत्नापासून भरवशाच्या उपचारापर्यंत किती वर्षं गेली, तेही बघा.

आता पुन्हा बेरीकडे. २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक या शास्त्रज्ञ बाईंनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, सहकाऱ्यांबरोबर, लायपोसक्शनमध्ये काढलेल्या माणसाच्या चरबीतल्या तळाच्या पेशी वाढवल्या. योग्य द्रव्यं दिल्यावर प्रयोगशाळेतल्या बशीत त्या पेशींनी हाडाच्या, कूर्चेच्या, स्नायूच्या आणि चरबीच्या पेशींसारखी रूपं घेतली. म्हणजे आजवर कचऱ्यात जाणाऱ्या चरबीत मूळ पेशींसारख्या पेशी होत्या. अस्थिमज्जा काढायला हाडात सुई घालावी लागते. चरबी तर सहज मिळणारी आणि भरपूर. संशोधक हरखून गेले. दोन विद्यापीठांच्या संशोधकांत या शोधाच्या पेटंटवरून कोर्टकचेरीही झाली. कचऱ्याला एकदम भाव आला होता.

केसाच्या शेजारची चरबी

या पेशींचा केसांशी काय संबंध? त्यासाठी केसाचं चक्र माहीत हवं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस कातडीतल्या एका बारीक पिशवीतून उगवतो. तो दोन ते सहा वर्षं वाढतो, मग पिशवी दोन-तीन महिने विसावा घेते, जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे आजारपण नव्हे. शेतात पीक निघतं, जमीन पडून राहते, पुन्हा पेरणी होते, तसं हे. फरक एवढाच की डोक्यावरच्या प्रत्येक केसाचा हंगाम वेगळा.

या पिशव्यांची मुळं कातडीखालच्या चरबीच्या थरात रुतलेली असतात. केस वाढीला लागले की उंदराच्या कातडीखालचा हा थर जाड होतो, हे जुन्या संशोधकांनी पाहिलं होतं. कारण कळत नव्हतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात व्हॅलेरी हॉर्सली या शास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगशाळेने त्याचा छडा लावला. केसाच्या पिशवीशेजारी चरबीच्या कोवळ्या, अजून पूर्ण न भरलेल्या पेशी असतात. त्या एक रासायनिक संदेश सोडतात आणि झोपलेली पिशवी जागी होते. ज्या उंदरांत या कोवळ्या पेशी नीट तयारच होत नव्हत्या, त्यांच्या केसांच्या पिशव्या विसाव्यातच राहिल्या. निरोगी उंदराच्या पेशी टोचल्यावर त्यांना पुन्हा केस येऊ लागले.

शोध मोठा होता. चरबी केसाची शेजारीण आहे आणि ती त्याला उठवते, हे पहिल्यांदा एवढं स्पष्ट दिसलं. पण हा प्रयोग उंदरावरचा. उंदराचे केस एका पट्ट्यात एकदम उगवतात, आपले एकेकटे. उंदराच्या पाठीवर जे झालं ते बाईच्या डोक्यावर होईलच, असं त्यावरून म्हणता येत नाही. हे शोधणाऱ्यांना माहीत होतं. जाहिरात करणाऱ्यांनी तिकडे बघितलं नाही.

माणसावर काय दिसलं

माणसांवरचे प्रयोगही झाले. जपानमध्ये हिरोतारो फुकुओका यांच्या गटाने वेगळी वाट धरली. त्यांनी चरबीतल्या पेशी टोचल्या नाहीत. त्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या, तो द्रव डोक्याच्या कातडीत टोचला. भात काढून घेतल्यावर पेज उरते आणि तिच्यात भाताचा कस उतरलेला असतो, तसं त्या द्रवात पेशींनी सोडलेली द्रव्यं असतात. २०१५ मध्ये त्यांनी २२ जणांचे निकाल छापले. ११ पुरुष, ११ बायका. केसांची संख्या वाढलेली दिसली.

अमेरिकेत ७१ जणांवर चाचणी झाली, तिचे निकाल २०२० मध्ये आले. त्यात काहींना चरबीबरोबर पेशी दिल्या, काहींना नुसती चरबी, तर काहींना यातलं काहीच दिलं नाही, म्हणजे तुलना करता यावी. फायदा ठळक दिसला तो एका गटापुरता. ज्यांचं टक्कल सुरुवातीच्या टप्प्यात होतं आणि ज्यांना पेशी कमी मात्रेत दिल्या होत्या, तो गट.

आता तुम्हीच विचार करा. २२ माणसं, ७१ माणसं. आपल्या एका ग्रामसभेला याहून जास्त लोक जमतात. एवढ्यांवरून आशा धरता येते, खात्री देता येत नाही. किती वर्षं टिकेल, बायकांमध्ये कितपत चालेल, कुणाला त्रास होईल, हे सांगायला मोठ्या चाचण्या लागतात.

तुलना का लागते, तेही बाळंतीण झालेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळतात. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, मोठं ऑपरेशन यांच्यानंतरही तसंच होतं. एकाच वेळी पुष्कळ केस विसाव्यात जातात आणि एकदम गळतात. मग काही महिन्यांत आपोआप परत येतात. या काळात तुम्ही जास्वंदीचं तेल लावा, माक्याचं लावा किंवा मोठी रक्कम मोजून इंजेक्शन घ्या, केस येणारच आणि श्रेय त्या उपायाला जाणार. उपाय खरा की निसर्ग खरा, हे तुलनेशिवाय कळत नाही.

केसांच्या एका औषधाची वाट बघा, म्हणजे फरक कळेल. मिनॉक्सिडिल ही आधी रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस वाढू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं. मग ते डोक्याला लावायचं औषध म्हणून मोठ्या चाचण्यांतून तपासलं गेलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांसाठी मंजूर झालं, पुढे बायकांसाठीही. ते सगळ्यांना लागू पडत नाही आणि बंद केलं की फायदा ओसरतो, पण त्याचं बरं-वाईट लिहून ठेवलेलं आहे. चरबीच्या पेशी अजून त्या टप्प्यावर पोचलेल्या नाहीत.

तीन बायकांची गोष्ट

शास्त्र असं सावकाश चाललं असताना बाजार थांबला नाही. अमेरिकेत ठिकठिकाणी खासगी दवाखाने निघाले. सकाळी पोटावरची चरबी काढायची, थोड्या वेळात पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी टोचायच्या. गुडघा दुखतो, टोचा. नजर कमी झाली, टोचा. केस गेले, टोचा. चरबी एक आणि आजार शंभर.

२०१५ मध्ये फ्लोरिडा राज्यातल्या अशा एका दवाखान्यात तीन बायका गेल्या. वयं ७२ ते ८८. म्हातारपणामुळे डोळ्यांचा पडदा खराब होत होता. त्यांच्याच चरबीतल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. थोड्याच दिवसांत पडदे फाटले, सुटले, डोळ्यांत रक्त उतरलं. कुणाला अगदी अंधुक दिसू लागलं, तर एका बाईच्या डोळ्याला उजेडसुद्धा कळेना. दुसऱ्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये हे सगळं वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं तेव्हा जगाला कळलं.

या तिघींनी प्रत्येकी पाच हजार डॉलर मोजले होते, तेव्हाच्या भावाने तीन लाख रुपयांच्या वर. या उपचाराचं नाव सरकारी चाचण्यांच्या यादीत नोंदलेलं होतं, त्यामुळे आपण संशोधनात भाग घेतोय, असाही समज झाला होता. अस्वलाच्या डबीची आठवण झाली ना? वर लिहिलेलं होतं संशोधन, आत होती विक्री.

ही गोष्ट डोळ्यांची आहे, केसांची नाही. डोक्याच्या कातडीत टोचल्याने डोळे जातील असं आम्हाला मुळीच सुचवायचं नाही. पण ‘तुमच्याच शरीरातलं आहे, म्हणून धोका नाही’ हे वाक्य त्या गोष्टीत खोटं ठरलं. आपली चरबी आपल्याच पोटावर निरुपद्रवी असते. ती काढली, विकराने विरघळवली, दुसऱ्याच जागी टोचली, की ती वेगळी वस्तू होते. जंतू शिरू शकतात, गाठ होऊ शकते. शिवाय चरबी काढणं हीदेखील एक शस्त्रक्रियाच आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा दवाखान्यांवर खटले भरले. चरबीतून अशा रीतीने काढलेल्या पेशी हे औषधच आहे, तेव्हा मंजुरीशिवाय विकता येणार नाही, असं सरकारचं म्हणणं. फ्लोरिडाच्या खटल्यात २०१९ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं, २०२१ मध्ये वरच्या न्यायालयानेही. कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये एका न्यायाधीशांनी उलट निकाल दिला. २०२४ मध्ये अपिलात तोही फिरला.

आपल्याकडचे नियम

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. रक्ताच्या काही आजारांसाठीचं अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचे बाकीचे वापर त्यांनी संशोधनात धरले. असं संशोधन मंजुरी घेऊन, नोंदवलेल्या चाचणीतच करायचं. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत.

आणखी एक जुना नियम आहे. १९४५ च्या औषध नियमांना जोडलेल्या ‘जे’ परिशिष्टात काही आजारांची यादी आहे. हे आजार आम्ही बरे करतो, असा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे. म्हणजे टकलाच्या दुःखावर पैसे कमावले जातील, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

मग आपण काय करायचं

पहिलं काम कारण शोधण्याचं. केस गळणं एका प्रकारचं नसतं. एकाच जागी नाण्याएवढी चकती पडली तर ती चाई, तिचा उपचार वेगळा. भांग हळूहळू रुंद होत असेल तर तो वेगळा. घट्ट अंबाडा, घट्ट वेण्या यांनी कपाळाकडचे केस ओढले जाऊन विरळ होतात. थायरॉइड बिघडलं तरी केस जातात. आणि सगळ्यात जवळचं कारण म्हणजे अंगात रक्त, लोह कमी असणं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्या गटात वीस बायका असतील, तर हिशेब करा. रक्ताची साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पोटातली चरबी काढायला निघण्याआधी बोटातला रक्ताचा थेंब तपासून घ्यावा.

कारण अगदी अनपेक्षितही असू शकतं. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत २०२४ संपता संपता आणि २०२५ च्या सुरुवातीला लोकांचे केस अचानक हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडलेली माणसं होती. त्यात बायका, मुलीही होत्या. शाम्पूपासून पाण्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला गेला. वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. विचार करा, त्या दिवसांत तिथे कुणी महागडं इंजेक्शन विकायला बसलं असतं तर? गव्हाचा प्रश्न गव्हातच राहिला असता.

तेव्हा केस गळू लागले की आधी सरकारी दवाखान्यात, लागलं तर जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा. काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

आणि तरीही कुणी चरबीच्या पेशींचा उपचार सुचवला, तर चार प्रश्न विचारा. माझे केस कशामुळे गळतात, ते तपासलंत का? हा उपचार मंजूर आहे की चाचणी आहे? चाचणी असेल तर तिचा सरकारी नोंदणी क्रमांक आणि नीतिशास्त्र समितीची मंजुरी दाखवाल का? आणि चाचणी असेल तर मग पैसे कशाचे? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. नुसता नोंदणी क्रमांक पुरेसा नसतो, हे त्या तीन बायकांच्या गोष्टीने शिकवलं. ‘पीआरपी’ म्हणजे स्वतःच्याच रक्तातला भाग टोचणं. तो वेगळा उपचार आहे, त्यात मूळ पेशी नसतात. एकाचं नाव सांगून दुसरं दिलं जात नाही ना, तेही विचारा. उत्तरं तोंडी नकोत, कागदावर मागा. कागद घरी आणा, गटात वाचा, मगच सही करा. उपचारासाठी कर्ज मागणारी मैत्रीण गटात आली, तर तिला हसू नका. हा कागद आहे का, एवढं विचारा.

कधीतरी या शास्त्रातून खरा उपचार निघेलही. बेरी फेकून देण्यासारखी नाही हे झुकबाईंनी दाखवलं, चरबी केसाला जागं करते हे हॉर्सलीबाईंच्या प्रयोगशाळेने दाखवलं. दोघींचं काम जगासमोर आहे, कुणीही तपासावं असं. तो उपचार येईल तेव्हा तोही असाच उघड, तपासलेला असेल. तोवर आशा जरूर ठेवू या. गटाचे पैसे मात्र तिच्या नावाने कुणाच्या हातात देऊ नका.

आजच्या भागात एवढंच. गटाच्या पुढच्या बैठकीत रक्त तपासणीचा दिवस ठरवा आणि किती जणींनी करून घेतली ते आम्हाला कळवा. नमस्कार.